तळ्यावरची साय

गेनुभाऊ,

तुमच्यासाठी ऑफिसात शोकसभा झाली. सभा म्हणजे काय, दुपारच्या चहाआधी सगळे आपापल्या टेबलापाशी उभे राहिले. साहेबांनी कागदावरून तुमचं नाव ‘गणू’ असं वाचलं. कुणी दुरुस्त केलं नाही. मीही नाही. “आपल्या बाष्पीभवनाच्या प्रयोगातला विश्वासू माणूस,” असं म्हणून ते माझ्याकडे वळले. “बाई, तुमच्याबरोबर होता तो. दोन शब्द बोला.” मी नुसतीच उभी राहिले. दोन मिनिटं संपली, खुर्च्या सरकल्या, चहा आला.

त्या दिवशी राहिलेलं आज लिहिते आहे. तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. मधल्या काळात मी चार वेळा कागद घेतला आणि चारही वेळा ठेवून दिला. तुम्ही हे वाचलं असतंत, बोट फिरवत, ओठ हलवत. वाचून झाल्यावर म्हणाला असतात, “बाई, जरा सोपं लिवा की.” सोपंच लिहिते. थकलेल्या माणसाला अवघड लिहिण्याची ताकद नसते.

तुमची माझी पहिली भेट आठवते का? बहात्तर साल, संक्रांत होऊन गेली होती. नगरच्या प्रयोगशाळेतून मी जीपने आले, मागे पत्र्याचे चार डबे, दोन मोठे थाळे आणि एक लोखंडी पेटी. सुप्याच्या पुढे रस्ता सोडून आत वळलं की तीन बाजूंनी टेकड्या आणि मध्ये वाटीत ठेवल्यासारखं तुमचं तळं. त्या वर्षी पाऊस जेमतेम झालेला. कडेचा चिखल वाळून भेगा पडल्या होत्या, पाणी आत आत सरकलेलं. तुम्ही नाव उलटी घालून तिला डांबर लावत होतात. आमच्या शिपायाने सांगितलं, “ह्या बाई केमिस्ट आहेत. यांना तळ्यात फिरवायचं आणि हे औषध पाण्यावर टाकायचं.”

तुम्ही हात पुसत विचारलंत, “कसलं औषध?”

मी डब्यावरचं नाव वाचून दाखवलं. सेटिल अल्कोहोल. नाव ऐकताच तुमच्या मिशीत हसू आलं. “अल्कोल म्हंजी दारू न्हवं का? मानसाला बंदी आन् पान्याला पाजायची?”

मी पण हसले. त्या कामात पहिल्यांदा कुणी मला हसवलं होतं. डबा उघडून चिमूटभर तुमच्या तळहातावर ठेवलं. पांढऱ्या, मेणासारख्या पापड्या. तुम्ही बोटाने चुरडून पाहिल्या, वास घेतला. वास नसल्यासारखाच. बोटं बुळबुळीत झाली. “हे तर मेनबत्तीचं पिल्लू दिसतंय,” म्हणालात. मी सांगितलं, नावात अल्कोहोल असलं तरी याने नशा येत नाही, ते पाण्यात विरघळत नाही, पन्नास अंशांच्या आत वितळतं. पूर्वी ते देवमाशाच्या डोक्यातल्या चरबीतून काढायचे, आता कारखान्यात करतात. बायकांच्या तोंडाला लावायच्या क्रीममध्ये असतं. “मंग न्हाई नुकसान करायचं,” तुम्ही म्हणालात आणि निम्मा विश्वास तिथेच टाकलात.

उरलेला निम्मा कापराने मिळवला. मी एका थाळ्यात स्वच्छ पाणी घेतलं आणि कापूर चुरून वर टाकला. कापराचे कण पाण्यावर गरगर फिरायला लागले, एकमेकांपासून पळायला लागले. तुम्ही उकिडवे बसून लहान मुलासारखे पाहत होतात. मग मी त्या पापडीचा एवढासा कण कडेला टाकला. थोड्या वेळात सगळा कापूर जागच्या जागी थांबला.

“काय केलंत?”

“पाण्यावर पडदा आला. डोळ्याला दिसणार नाही. याचे जे बारीक कण असतात, रेणू म्हणतात, त्यांचं डोकं पाण्यात बुडतं आणि सोळा मणक्यांची शेपटी वर हवेत राहते. सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहतात. एकाच रेणूच्या जाडीचा थर. त्यातून पाण्याची वाफ सहजासहजी वर जाऊ शकत नाही.”

तुम्ही थाळ्यावर वाकून पाहिलंत. मग म्हणालात, “साय धरली म्हना की.”

मी प्रयोगशाळेत वर्षभर त्याला ‘एकरेण्वीय आवरण’ म्हणत होते. त्या दिवसापासून साय म्हणायला लागले. अहवालात सोडून.

खरं सांगते, मला ते काम नको होतं. एम. एस्सी. झाल्यावर मला काचेच्या भांड्यांत काम करायचं होतं, चिखलात नाही. पण तळ्याची पाळी आली तेव्हा ऑफिसातल्या दोघा पुरुषांनी प्रकृतीचं कारण सांगितलं. मी एकटी, घरी वाट पाहणारं कुणी नाही, म्हणून मला पाठवलं. पहिले आठ दिवस मी शाळेच्या खोलीत राहिले आणि रोज परत जायचा अर्ज मनात लिहीत राहिले. मग तुमच्या मंडळींनी, हौसाताईंनी, एका सकाळी भाकरी आणि माशाचं कालवण पाठवलं, तुमच्याच हाती. “मासं खाता का न्हाई, इचारलंच न्हाई,” म्हणत तुम्ही दारात उभे. मी मासे खात नव्हते. त्या दिवशी खाल्ले.

आपलं काम उजाडताच सुरू व्हायचं, वारा उठायच्या आत. काठीच्या टोकाला पातळ फडक्यात पापड्या कुटून केलेल्या पावडरीची पुरचुंडी बांधायची, ही युक्ती तुमची. मी आणलेलं पितळी यंत्र दुसऱ्याच दिवशी तुंबलं होतं. वारा येतो त्या बाजूला आधी जायचं, तिथून पुरचुंडी झटकत यायचं. बारीक लहरींनी खरखरीत दिसणारं पाणी मागे एकदम गुळगुळीत व्हायचं, इस्त्री फिरवल्यासारखं. तुम्ही वल्हं थांबवून मागे वळून पाहायचात. त्या वेळी तुमच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी नंतर कुठल्याही साहेबाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही.

काठावर दोन थाळे, एकात साय, एकात नुसतं पाणी. रोज सकाळी दोन्हींतलं पाणी किती उतरलं ते मोजायचं. तळ्यात रोवलेल्या पट्टीवरून तळ्याचंही मोजायचं. मोजायचं काम मी तुम्हाला शिकवलं आणि महिन्याभरात तुम्ही माझ्यापेक्षा बारकाईने वाचायला लागलात. वहीत तुम्ही एक रकाना आपल्या मनाने वाढवलात, वाऱ्याचा. वारा मोजायचं यंत्र आपल्याकडे नव्हतं. तुम्ही लिहायचात, ‘पदर हालंल इतकं’, ‘टोपी धरावी लागंल इतकं’, ‘नाव वळंना इतकं’. मी आधी ते खोडणार होते. बरं झालं खोडलं नाही.

माशांवरून आपलं पहिलं भांडण झालं. तुमचं म्हणणं, पाण्यावर झाकण घातलं तर खालचे मासे गुदमरतील. मी पुस्तकातलं सांगितलं, वाफ अडते पण हवा आत जाते, इतर देशांत पाहिलेलं आहे. तुम्ही नुसती मान हलवलीत. तीन दिवसांनी तुमच्या घरी आले तर ओसरीत दोन घमेली. दोन्हींत सारखंच पाणी, सारखेच बोटाएवढे मासे, एकावर साय. मला न सांगता पावडर नेली होतीत. आठ दिवस हौसाताईंना त्या घमेल्यांना हात लावू दिला नाहीत. आठव्या दिवशी दोन्हींतले मासे तसेच पळत होते. तुम्ही म्हणालात, “आता ठीक. तुमच्या पुस्तकावर माजा राग न्हाई, पन त्यातलं तळं आपलं न्हवं.”

गेनुभाऊ, मी सहा वर्षं विज्ञान शिकले. त्याचा सगळा अर्थ तुम्ही दोन घमेल्यांत सांगितलात. हे तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं. मी फक्त म्हणाले, “पुढच्या वेळी पावडर विचारून न्या.”

मग फाल्गुन संपला आणि वारा सुटला.

टेकड्यांच्या खिंडीतून दुपारी वारा आला की साय फाटायची. सगळी पावडर समोरच्या काठाला जाऊन फेसासारखी साचायची आणि तळं उघडं पडायचं. थाळ्यांना मात्र आडोसा होता. थाळ्यांतली साय टिकायची, तळ्यातली टिकायची नाही. थाळ्यांचे आकडे बघितले की मन खूष व्हायचं. तळ्याच्या पट्टीवरचे बघितले की उतरायचं. वाऱ्याच्या दिवशी तर साय टाकल्याचा जवळजवळ काहीच उपयोग नसायचा.

त्याच दिवसांत फेसाची भानगड झाली. पाणी उथळ झालं होतं, उन्हाने तापत होतं, काही मासे मेले आणि काठाला लागले, नेमके त्या पांढऱ्या फेसात. बायका घागरी घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या. सकाळी सरपंच दहा-बारा माणसं घेऊन काठावर आले.

“बाई, हे काय घातलंय पान्यात? मासं मराया लागलं. आमच्या पोरांनी काय प्यायचं?”

मी सांगत होते. उथळ पाणी, उष्णता, पाण्यातली हवा कमी होणं. ऐकत कुणी नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, “तुमी पिता का हे पानी? प्या आमच्यापुढं.”

मी लोटा घेतला. वाकले. आणि थांबले. किती थांबले, एक श्वासभर असेन. तेवढ्यात तुम्ही माझ्या हातातला लोटा घेतलात, फेस बाजूला न करता भरलात आणि उभ्या उभ्या प्यायलात. मिशीला पांढरं लागलं ते पुसलंत. “बाईंनी सांगितलंय नुकसान न्हाई. माज्या घरचं आठ दिस मासं जगलं ह्यात. मला काय झालं तर उद्या या.”

मग मीही प्यायले. पण तुमच्यानंतर.

दुसऱ्या दिवशी बायका पाण्यावर आल्या. तुम्हाला काही झालं नाही, मला काही झालं नाही. नावेत तुम्ही हळूच विचारलंत, “बाई, काल तुमी थांबलात. तुमाला खात्री न्हवती व्हय?”

“पावडरीची होती. पाण्याची नव्हती. इतकं उथळ पाणी, त्यात मेलेले मासे. मी ते तपासलं नव्हतं.”

“मंग तसं सांगायचं. उकळून प्या म्हनायचं.”

त्या दिवशी दवंडी दिली, पाणी उकळून प्या म्हणून. तुमच्या सांगण्यावरून. मला मात्र तुमचं ते लोटा घेणं विसरता येत नाही. तुम्ही रसायनावर नाही, माझ्या शब्दावर प्यायला होतात. एवढा भरवसा माझ्यावर तोवर कुणी टाकला नव्हता. पुढे मी त्याचं काय केलं, ते आता लिहायलाच हवं.

ज्येष्ठात तळ्याचा तळ दिसला आणि प्रयोग संपला. मी नगरला जाऊन अहवाल लिहायला बसले. वहीतले सगळे दिवस मांडले तर वाचलेलं पाणी थोडं भरत होतं. थोडं, पण होतं. साहेबांनी कच्चा कागद पाहिला आणि बाजूला ठेवला.

“हे वाऱ्याचे दिवस कशाला घेतले?”

“झाले म्हणून घेतले.”

“बाई, वारा हा अपवाद. साय नीट होती ते दिवस घ्या, थाळ्यांचे आकडे घ्या. वर माणसं आशेने वाट बघताहेत. पाऊस पुन्हा हुलकावणी देतोय. आपण हात हलवत गेलो तर उद्या कुणी पैसा देणार नाही, काम बंद पडेल.” ते वाईट माणूस नाहीत, गेनुभाऊ. त्यांचाही चेहरा थकलेला होता. आणि मला प्रयोग चालू राहायला हवा होता. मी दोन दिवस घोळवलं आणि तिसऱ्या दिवशी लिहिलं. वाऱ्याचे दिवस गाळले. अशा तळ्याचं पाणी महिनाभर जास्त टिकेल, असं लिहिलं.

तुम्ही वही परत न्यायला नगरला आलात तेव्हा टेबलावर तो अहवाल होता. तक्ता तुम्ही बोट ठेवत वाचलात. मराठी आकडे तुम्हाला उत्तम यायचे, ते मी विसरले होते.

“बाई, माजं वाऱ्याचं दिस कुठं गेलं?”

मी म्हणाले, “सरासरीत गेले.”

“सरासरी म्हंजी?”

“ते सांगायला वेळ लागेल. पुन्हा कधीतरी सांगते.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. पावडर चुरडून पाहिली होतीत ना पहिल्या दिवशी, तसं. मग वही पिशवीत घातलीत आणि गेलात. पुन्हा कधीतरी आलंच नाही. तुम्हीही परत विचारलं नाहीत, हेच जास्त लागतं.

त्या साली पाऊस झालाच नाही. पुढचं तुम्हाला मी काय सांगणार. सगळा जिल्हा खडी फोडायला बसला. हौसाताई दुष्काळी कामावर जात आणि संध्याकाळी सुकडीची, त्या सरकारी पौष्टिक पिठाची, पुडी घेऊन येत. आमचा अहवाल मात्र वर आवडला. महिनाभर जास्त पाणी! दुसरं तळं द्या, मोठं द्या. मोठं मिळालं ते पूर्वेला, पाथर्डीच्या बाजूला, उघड्या माळावर. तिथल्या पाच वाड्यांना सांगण्यात आलं की यंदा औषधामुळे पाणी पुरेल.

मी तुम्हाला बोलवायला आले. तुमच्याशिवाय दुसरा कुणी मला ठाऊक नव्हता. तुम्ही जागा विचारलीत, आजूबाजूला काय आहे विचारलंत. मी सांगितलं, माळ.

“तितं डोंगुर न्हाई, झाड न्हाई. वाऱ्याला आडवनार कोन? साय टिकायची न्हाई, बाई.”

“मला माहीत आहे.”

“मंग कशाला चाललाय?”

 तुम्ही चुलीपाशी बसलेल्या हौसाताईंकडे पाहिलंत, मग म्हणालात, “बरं. तुमी एकट्या कशा जानार तितं.” आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आलात.

पाथर्डीकडचे ते चार महिने मला सलग आठवत नाहीत. डोळ्यांत धूळ, ओठ फुटलेले, पाण्याला गढूळ वास. सकाळी टाकलेली साय दहा वाजेपर्यंत पलीकडच्या काठाला. वाऱ्याबरोबर येणारी धूळच तिला फाडायची. तुमच्या वहीत एकच ओळ रोज येत होती, ‘नाव वळंना इतकं’. डब्यांतली पावडर उन्हाने वितळून एकजीव व्हायची, ती खलबत्त्यात कुटून पुन्हा भुकटी करायची. तिथल्या बायका विचारायच्या, “किती दिस पुरंल?” मी म्हणायची, “बघू.” तुम्ही वल्हं मारायचात. तुम्ही रोडावत होतात. मला दिसत होतं.

नगरहून कागद आला. साय टिकत नसेल तर दिवसातून दोनदा टाका, दुसरी फेरी दुपारी. त्या कागदाखाली तळ्यावरच्या कामाची प्रमुख म्हणून मला सही करून तो लागू करायचा होता. मी सही केली. तुम्हाला वाचून दाखवला. तुम्ही एवढंच म्हणालात, “दुपारी वारं बी आन् ऊन बी.” मग डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलात.

त्या दिवशी मी डबे आणायला नगरला गेले होते. तळ्यावरच्या पहारेकऱ्याने नंतर सांगितलं ते असं. दुपारी तुम्ही एकटेच नाव घेऊन निघालात. अर्ध्या तळ्यात पुरचुंडी झटकलीत. मग वल्हं ठेवलंत आणि बसलात. त्याला वाटलं, दम खाताय. नाव वाऱ्याबरोबर हळूहळू फिरायला लागली, तरी तुम्ही उठला नाहीत. तो पोहत आला तोवर तुम्ही पोत्यावर डोकं ठेवलेलं होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी उष्माघात लिहिला.

मी पोहोचले तेव्हा तुम्हाला जीपमध्ये ठेवलं होतं. तुमच्या बोटांना पांढरं लागलेलं होतं. मी ते पुसलं. निघता निघेना, चिकट असतं ते.

 पुढे काही मोठं झालं असं नाही. माळावरचं तळं ठरलेल्या वेळेच्या किती तरी आधी आटलं. त्या पाच वाड्यांना बैलगाड्यांतून पाणी आणावं लागलं, उशिरा. कुणी आम्हाला शिव्याही दिल्या नाहीत. त्या वर्षी लोकांच्या अंगात शिव्या द्यायलाही त्राण नव्हतं.

मी दोन्ही वर्षांच्या वह्या घेऊन बसले. तुमच्या तळ्याचे सगळे दिवस पुन्हा मांडले, पदर हालंल ते आणि नाव वळंना ते. तुमचा वाऱ्याचा रकाना जसाच्या तसा घेतला, कारण आमच्या सबंध प्रयोगात वाऱ्याची तेवढीच नोंद होती. महिना नव्हता. बारा दिवस होते. खाली लिहिलं की आधीचा अहवाल चुकीचा होता आणि तो मी जाणूनबुजून तसा लिहिला होता. आडोशाच्या तळ्यावर या पावडरीचा उपयोग आहे, उघड्यावर नाही, आणि हे गेनू भोई यांनी आधीच सांगितलं होतं, हेही लिहिलं.

साहेबांनी वाचलं. “आता कशाला? पाऊस पडायला लागलाय. लोक विसरताहेत.”

“म्हणूनच.”

“तुमची नोकरी जाईल.”

“जाऊ दे, साहेब. मी दमले आहे.”

त्यांनी तो फायलीत घातला. मी दुसरी प्रत स्वतःच्या नावाने वरच्या ऑफिसला पाठवली. उत्तर आलेलं नाही. बदली आली आहे, खतांचे नमुने तपासायच्या खोलीत. तिथे पाणी नाही, नाव नाही. चालेल.

काल मी तुमच्या गावी जाऊन आले. हौसाताई दारात गोवऱ्या रचत होत्या. मला पाहून हात थांबवले, पण उठल्या नाहीत. मी त्यांच्याशेजारी खालीच बसले. मी जे सांगायला गेले होते ते सगळं सांगितलं. गाळलेले दिवस, खोटा महिना, दुपारची फेरी, माझी सही. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“आपल्या तळ्यावर त्यांनी एवढं केलं, त्यानं पानी वाचलं का न्हाई?”

“वाचलं. पण महिन्याचं नाही. बारा दिवसांचं.”

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “म्हंजी ज्येष्ठात तळं आटलं, त्याच्या आधीचं बारा दिस?”

“हो. नाहीतर त्याआधीच आटलं असतं.”

“आमची थोरली तवा बाळतपनाला आल्ती. त्याच दिसांत पोरगी झाली. पान्यासाठी मला लांब जावं लागलं न्हाई, हितंच हुतं.” त्यांनी बोटं मिटली. “बारा दिस लई झालं की, बाई. एवढं खरं हुतं तर महिना कशाला लिवला?”

“भीती वाटली. बारा दिवस कमी वाटतील म्हणून.”

“कुनाला?”

 हौसाताईंनी एक गोवरी उचलून नीट बसवली.

“ज्याला घागर उचलावी लागत न्हाई, त्याला वाटतील,” त्या म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मग त्यांनी मला उरलेल्या गोवऱ्या हातात द्यायला सांगितल्या. मी एकेक देत गेले, त्या रचत गेल्या, ढीग पुरा होईपर्यंत.